गिलकी शेतात 9, ठेल्यावर 40, मधले 31 कोणी खाल्ले?

राजेंद्रनगरवाला:
काल इंदूरजवळच्या सांवेरला आतेभावाच्या शेतावर गेलो होतो. त्याची गिलकी (पुण्याकडचे घोसाळी म्हणतात ती) मंडीत 9 रुपये किलोने गेली आणि संध्याकाळी घराखालच्या ठेलेवाल्याने मला 40 ला लावली, वर कोथिंबीर-मिरची फुकट दिली म्हणून आपण गप्प बसायचं. आमच्या बिल्डिंगमध्ये 60 घरं आहेत. व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेऊ, भाऊ दर रविवारी पिकअप घेऊन येईल, 20 ने दोघांचंही भलं. आडतिया (मंडीतला दलाल), हम्माल, ठेलेवाला सगळे गायब. यात चूक काय ते सांगा.

पहाटे_चारचा_चहा:
चूक एवढीच की गिलकी रविवारची वाट बघत नाही भिया. दोन दिवस तोड चुकली की जून होते, मग अंग घासायलाच कामाची. बाकी सहा दिवस माल घेणार कोण, तोच आडतिया ना?
चोइथराम मंडीबाहेर माझी चहाची टपरी होती, ठेलेवाले पहाटे चारला यायचे. टोमॅटोचं कॅरेट वीस-पंचवीस किलोचं, एकट्याला झेपत नाही म्हणून दोघं मिळून घेणार नाहीतर कॅरेट फोडून दहा किलो देणारा शोधणार, तो त्याचे दोन रुपये काढणार, मग चौघांत एक लोडिंग रिक्षा, आणि घरी येऊन बघावं तर खालचा थर पिचका. असे दहा-बारा प्रकार रोज, कारण तुमच्या 60 घरांत कोणाला पाव किलो भेंडी तर कोणाला दोन लिंबं. सकाळची 40 ची गिलकी रात्री नऊला 20 ला जाते, तेव्हा तुम्ही टीव्हीसमोर असता.

हिशोबी_काकू:
पण ठेलेवाल्याच्या कष्टांनी शेतकऱ्याचं पोट भरत नाही ना. 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासात आलं होतं, ग्राहकाच्या एका रुपयातले शेतकऱ्याला टोमॅटोत 33 पैसे, कांद्यात 36, बटाट्यात 37. दुधात हेच 70 च्या आसपास. म्हणजे जमतं की!

पहाटे_चारचा_चहा:
काकू, दूध म्हणजे एकच माल, रोज दोन वेळा येणार, फॅट मोजलं की भाव ठरला. मेथीचं फॅट कसं मोजणार? 😄

हिशोबी_काकू:
मेथी सोडा. बटाटा महिनोन् महिने कोल्ड स्टोरेजमध्ये राहतो, त्याला तरी 37 च का?

निमाडचा_मिरचीवाला:
चहावाले दादा, ठेल्याची बाजू पटली, पण आडतियाला का त्याच्यामागे लपवताय? मागच्या उन्हाळ्यात एका मंडीत (नाव घेत नाही) टोमॅटो नेले, लिलाव दोन मिनिटांत उरकला, कॅरेटमागे दीड किलो ‘सूट’ म्हणून कापलं, आडत माझ्याकडूनच, हम्माली माझ्याकडूनच, पर्ची हातात आली तेव्हा गाडीभाडं जाऊन पोरांना कचोरी घेण्याइतके उरले. माल परत नेऊ म्हटलं तर भाडं डबल, आणि तोवर टोमॅटो पिकून पाणी. हे तिथल्या सगळ्यांना माहीत असतं, म्हणून तर बोली चढत नाही.

राजेंद्रनगरवाला:
म्हणजे माझंच बरोबर. आडतिया हटवा.

निमाडचा_मिरचीवाला:
हटवून काय करू? जूनमध्ये बियाणं-खताला पैसे तोच देतो, बँकेच्या चकरा मारेपर्यंत पेरणी संपते. त्याचे घेतले म्हणून माल त्याच्याच गाळ्यावर टाकावा लागतो, मग भावाचं तोंड कुठून उघडणार. आणि सरकार घेईल म्हणत असाल तर 2017 आठवा, आपल्याकडे मध्य प्रदेशात सरकारने 8 रुपये किलोने कांदा घेतला, ठेवायला जागा नाही, पावसात ढीगच्या ढीग सडले. मला भाव बरा मिळाला, खोटं कशाला बोलू, पण तो कांदा खाल्ला कोणी?

हिशोबी_काकू:
उधारीचं ठेलेवाल्याचंही तसंच असेल. पण त्यांच्यासाठी 2020 पासून स्वनिधी या सरकारी योजनेचं कर्ज आहे की, सुरुवातीला पहिलं 10,000 चं होतं.

पहाटे_चारचा_चहा:
आहे, आमच्याकडच्या दोघांनी घेतलं, फेडलं, दुसऱ्यांदाही घेतलं. तरी रोज पहाटे तीन-चार हजारांचा माल उचलायचा, एक दिवस पाऊस झाला की भांडवल भिजलं. उधारी मंडीतच मिळते, ‘उद्या दे’ एवढ्या शब्दावर, पण मग भाव विचारायचा नाही. निमाडवाल्या दादांसारखंच.

राजेंद्रनगरवाला:
तुम्ही सगळे घाबरवता फार. या रविवारी ट्रायल करतोच, 22 घरांनी हो म्हटलंय.

हिशोबी_काकू:
माझे दोन किलो धरा. पण काय हो, उरलेली गिलकी कोण घेणार?

राजेंद्रनगरवाला:
खालच्या ठेलेवाल्यालाच विचारलं.

पहाटे_चारचा_चहा:
कितीला म्हणतो?

राजेंद्रनगरवाला:
9 ला. 😐