४ जुलै : सह्या त्या दिवशी झाल्याच नाहीत म्हणे?

फळाखडू :
मंडळी, मुलाकडे एडिसनला, न्यू जर्सीत, सहा महिन्यांसाठी आलोय. पस्तीस वर्षं शाळेत फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात रोज दिनविशेष लिहायचो, ती खोड काही जात नाही. इथे फ्रिजवर पांढरा बोर्ड चिकटवलाय, दूध-भाजीच्या यादीसाठी. त्यावरच सुरू केलं. परवाची तयारी म्हणून लिहिलं, '४ जुलै १७७६ : अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या.' नात सहावीत आहे. तिने बोटानेच 'सह्या' पुसलं. म्हणाली, "आजोबा, सह्या ऑगस्टमध्ये झाल्या." आता या वयात शुद्धलेखनाऐवजी इतिहासात मार्क कापले गेले!

मग चारला झालं तरी काय? आणि त्या तारखेचं, फटाके सोडून, आणखी काही असेल तर सांगा. बोर्डावर दोनच ओळी मावतात.

फिलीकर :
नातीला पैकीच्या पैकी. काका, स्वातंत्र्याचा ठराव मंजूर झाला २ जुलैला. १२ वसाहती बाजूने, न्यूयॉर्क तटस्थ. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन अ‍ॅडम्सने तर दुसऱ्याच दिवशी बायकोला, अ‍ॅबिगेलला, लिहिलं की यापुढे २ जुलै हा दिवस घंटानाद आणि रोषणाई करून साजरा होईल. दोन दिवसांनी चुकला बिचारा. चारला मंजूर झाला तो जाहीरनाम्याचा मजकूर. त्याच रात्री जॉन डनलॅपच्या छापखान्यात प्रती काढायला घेतल्या, आणि त्या छापील कागदावर तारीख होती ४ जुलै. लोकांच्या हातात पडला तो कागद, म्हणून तीच तारीख रुजली. बहुतेकांच्या सह्या २ ऑगस्टच्या.

मधली_सुट्टी :
याच अ‍ॅडम्सचं पुढचं ऐका. १८०० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जेफरसनने, म्हणजे जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणाऱ्याने, त्याला हरवलं, दोघांचं बोलणं बंद. बारा वर्षांनी पत्रं सुरू झाली ती शेवटपर्यंत. आणि दोघे गेले एकाच दिवशी, ४ जुलै १८२६ ला, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं होत असताना! जेफरसन दुपारी व्हर्जिनियात, वय ८३. अ‍ॅडम्स संध्याकाळी मॅसॅच्युसेट्समध्ये, वय ९०. "जेफरसन अजून आहे" असं काहीसं तो शेवटी पुटपुटला म्हणतात. जेफरसन काही तासांपूर्वीच गेला होता, पण तारयंत्राआधीचा काळ तो, कळणार कसं? कादंबरीत कुणी असं लिहिलं तर आपण म्हणू, लेखकाने ओढूनताणून जमवलंय. पाच वर्षांनी आणखी एक माजी राष्ट्राध्यक्ष, मन्रो, तोही ४ जुलैलाच गेला.

कोकणी_अप्पा :
स्वामी विवेकानंदही ४ जुलैलाच गेले. १९०२, बेलूर मठ. त्याआधी १८९८ मध्ये काश्मीरला असताना त्यांनी ४ जुलैवर इंग्रजी कविता लिहिली होती, बरोबरच्या अमेरिकन शिष्यांसाठी. आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेतलं व्हिक्सबर्ग गाव : ४७ दिवसांच्या वेढ्यानंतर १८६३ च्या ४ जुलैलाच उत्तरेचा सेनापती ग्रँट याला शरण गेलं. त्या गावाने पुढे कित्येक वर्षं हा दिवस साजरा केला नाही. सगळ्यांचा सण सगळ्यांना गोड लागतोच असं नाही.

फळाखडू :
आभार सगळ्यांचे. अप्पा, विवेकानंदांची तारीख मी शाळेत दरवर्षी लिहायचो. पण तोच अमेरिकेचाही दिवस, हे कधी शेजारीशेजारी ठेवून पाहिलंच नाही बघा.

बोर्डावर अ‍ॅडम्स-जेफरसन लिहिले. नातीने वाचलं आणि विचारलं, "बारा वर्षं कट्टी? आणि आधी कोण बोललं?" तेवढं सांगा राव. तिची आणि तिच्या एका मैत्रिणीची सध्या तशीच कट्टी चालू आहे.

मधली_सुट्टी :
अ‍ॅडम्स. १ जानेवारी १८१२ ला त्याने आधी पत्र टाकलं. मधे डॉक्टर बेंजामिन रश नावाचा दोघांचा मित्र, तो दोन्हीकडे सारखा लिहीत होता.

फळाखडू :
सांगितलं. "मग रश कोण होणार?" म्हणून माझ्याकडे बघतेय. शिवाय जागा करायला मी दुधाची ओळ पुसली होती. सकाळी चहा कोरा.