अहेरी जिल्हा : लोकसंख्येपेक्षा अंतर पाहा

गडचिरोलीची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत जेमतेम पावणेअकरा लाख, मग त्यातून दक्षिणेकडचा अहेरी भाग वेगळा जिल्हा कशाला, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते इथे माणसं मोजण्याआधी अंतर मोजायला हवं. गडचिरोलीचं क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर, लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला जेमतेम 74. राज्याची सरासरी 365 आहे! 1982 साली चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा काढला तोही मुख्यालय फार दूर पडतं म्हणूनच. पण नवं मुख्यालय उत्तरेकडे गेलं. सिरोंचा पार दक्षिणेच्या टोकाला, प्राणहिता-गोदावरीच्या संगमाजवळ. तिथून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास. रेल्वे म्हणाल तर ती उत्तरेला वडशाला. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो.

अहेरीला अपर जिल्हाधिकारी आहेत, हे खरं. पण ज्या कामासाठी शेवटी गडचिरोलीच गाठावी लागते, त्यात एटापल्लीच्या माणसाची मजुरी बुडते त्याचं काय? फक्त नकाशावर रेघ ओढून भागणार नाही, हे तुमचं म्हणणं मात्र पटतं. आधी बारमाही पूल आणि भरलेली पदं हवीत, आणि माडिया, गोंडी, तेलुगू समजणारे कर्मचारी तर हवेतच.