नोकरी सोडून दाल मिल टाकावी काय? नऊ वर्षांनी समजलं आपला जीव कशात आहे

दारव्हा_लाइन

राम राम मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहतो, वय 36. नऊ वर्षांपासून एका खाजगी फायनान्समध्ये वसुलीचं काम करून रायलो, पगार 19 हजार अन् पेट्रोल वेगळं. पण आता सकाळी गाडीले किक मारली की पोटात गोळा येते. मागच्या हंगामात एका मावशीच्या दारात हप्ता मागाले गेलो तर थे तुरी पाखडत बसली होती, म्हणे भाऊ, तूर व्यापाऱ्याले देऊन टाकली की भरतो तुमचा हप्ता. अन् पंधरा दिवसांनी थेच मावशी किराणा दुकानातून पाव किलो डाळ नेतांनी दिसली. घरी चार पोते तूर पिकली अन् डाळ पावशेरानं. ते काही डोक्यातून जाऊन नाही रायलं.

माह्या साडभाऊची (बायकोच्या बहिणीचा नवरा) मिनी दाल मिल आहे. जानेवारीत त्याचा गडी आजारी पडला म्हणून मी दोन दिवस सुट्टी टाकून गेलतो, तर दोनाचे सहा दिवस झाले. तूर कमी-जास्त पडली की रोलरचा आवाज बदलते, तो मले दुसऱ्याच दिवशी समजाले लागला. घसा मोकळा असल्यासारखा आवाज आला की माल बरोबर चालून रायला, घरघर वाढली की चाडीची, म्हणजे तूर ओताच्या तोंडाची, पट्टी थोडी दाबाची. रात्री नऊ वाजता मूठभर डाळ हातावर चोळून पाहत उभा होतो, साल सुटली का नाही, अन् जेवाचं ध्यानात नव्हतं. नऊ वर्षांत नोकरीत असं एकदाही झालं नाही.

आता विचार असा की राजीनामा देऊन गावात स्वतःची मिल टाकावी. बाबा म्हणतात बांधलेला पगार सोडू नको, दोन एकर कोरडवाहूवर काय भरोसा. बायको म्हणते करा. दोन पोरं शाळेत आहेत. ज्यांनी असं काही केलं त्यांनी खरं खरं सांगा.

मूर्तिजापूर_रोलर

दादा, माझी 11 वर्षांपासून मिल आहे, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं काढलेल्या पीकेव्ही मिनी दाल मिलच्या नमुन्याची. तासाला साधारण क्विंटलभर माल काढते. पण खरं काम मशीनच्या बाहेर आहे. पयल्या फेरीत तुरीले नुसते ओरखडे पाडाचे, मग क्विंटलला पाव ते अर्धा किलो तेल चोळून ढीग ताडपत्रीखाली रातभर दडपून ठेवाचा, दुसऱ्या दिवशी पाणी मारून उन्हात वाळवाचं, मग परत रोलरवर. ह्यात घाई केली की डाळ तुटते, चुरी जास्त होते अन् कास्तकार पुढच्या वर्षी येत नाही. नीट काढलं तर क्विंटलला 70 ते 75 किलो डाळ बसते, अन् चुनी, भुसा ढोरं-बकऱ्यावाले नेतात, त्याचा हिशोब आधीच ठरवून घ्या नाहीतर भांडणं होतात.

दुसरी गोष्ट म्हणजे हा धंदा उन्हाचा आहे. जानेवारी ते मे श्वास घ्याले वेळ नाही, पाऊस लागला की वाळवण बंद, मिल बंद. त्या चार महिन्यांचा खर्च कुठून काढाचा हे आधी कागदावर मांडा. माझं म्हणणं, राजीनामा आत्ताच देऊ नका, येता पूर्ण हंगाम साडभाऊकडं मजुरीनं काढा. सहा दिवसांचा जोर येगळा अन् एप्रिलच्या 44 डिग्रीत रोजचं तेल-पाणी येगळं.

बचतगट_चांदूर

वरच्या दादांचं मला अर्धंच पटलं. हंगाम काढा, पण राजीनाम्याची तारीख घरात बसून ठरवून टाका, नाहीतर असे हंगाम निघून जातात. मी स्वतः सहा वर्षं "पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी" करत शिवणकाम करत राहिले आणि मन सगळं मसाल्यात होतं. लोक म्हणायचे ताई तुमच्या काळ्या मसाल्याला घरच्यासारखा वास आहे, आणि मी ते ऐकून नुसती हसायची, त्यातून घर चालू शकतं हे कधी डोक्यात आलंच नाही.

भाऊ, तुमची बायको हो म्हणते ही केवढी मोठी गोष्ट आहे. ती उमेदच्या, म्हणजे सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, बचतगटात आहे का? प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजना 2020 मध्ये सुरू झाली, त्यात गटातल्या महिलेला बीजभांडवल 40 हजारांपर्यंत होतं आणि वैयक्तिक युनिटला खर्चाच्या 35 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 10 लाख. सध्या काय चालू आहे ते तालुका कृषी कार्यालयात जाऊन विचारा. पण हे अनुदान हातात येत नाही! ते बँकेत कर्जाला जोडून पडून राहतं, तीन वर्षं खातं नीट चाललं तरच कर्जात वळतं होतं. आमच्या गटातल्या दोघींनी ते पैसे येतील म्हणून उसने घेतले आणि फार त्रास काढला.

सेलू_घाणा

मी तेलाचा लाकडी घाणा टाकला, वर्धा जिल्ह्यात. आमच्याकडं मगनवाडीत 1934 पासून ग्रामोद्योगाचं काम चालत आलं, गांधीजींचे सहकारी कुमारप्पांपासून, आणि आता तिथंच एमगिरी ही ग्रामोद्योगाची सरकारी संस्था आहे. मी आधी तिथं जाऊन विचाराले पाहिजे होतं. तसं न करता मशीन आणली, शेड बांधलं, अन् मग थ्री फेज विजेचा अर्ज केला. कनेक्शन येईपर्यंत आठ महिने कर्जाचे हप्ते घरून भरले, बायकोची पोत मोडली. तेव्हा दादा, आधी गावातल्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, लोड शिल्लक आहे का ते पाहा, मीटरचा अर्ज टाका, मशीन सगळ्यात शेवटी.

तरी सांगतो, परत जाणार नाही नोकरीवर. घाण्यातून जवसाची पहिली धार निघाली न, आजी म्हणाली हा वास मी लहानपणी घेतलता.

दारव्हा_लाइन

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बाबा, बायको अन् मी बसलो, बाबाले तिन्ही उत्तरं वाचून दाखवली. घाणेवाल्या भाऊचं दोनदा वाचाले लावलं. ठरलं असं की साडभाऊकडं पूर्ण हंगाम, सुट्ट्या अन् रविवार धरून, मीटरचा अर्ज आत्ताच बायकोच्या नावानं, अन् राजीनामा पुढच्या उलंगवाडीले, म्हणजे हंगाम संपला की. पावसाळ्याच्या चार महिन्यांचं अजून जमलं नाही, गिरणीचा पट्टा जोडून दळण घेता येते का ते पाहून रायलो.

मूर्तिजापूरच्या दादा, येत्या रविवारी तुमच्याकडं येऊ काय? तेल चोळाचा हात पाहाचा आहे. त्या मावशीले पण सांगून आलो, यंदा एक पोतं विकू नका, माह्याकडं द्या. म्हणे घरच्या बरणीचं झाकण लागलं नाही पाहिजे एवढी भरून दे.