८०० मीटरच्या आधी गाणी ऐकू द्यावीत का? मुलगी कॉलरूममध्ये गार पडते

सिंहगडरोडकर
माझी मुलगी नववीत आहे, ८०० मीटर पळते. सराव पुण्यातल्या सणस मैदानावर, स्पर्धा बहुतेक बालेवाडीला. सरावात टायमिंग छान येतं, पण स्पर्धेच्या दिवशी कॉलरूममध्ये (शर्यतीआधी खेळाडूंना जमवून बसवतात ती जागा) बसली की हातपाय गार पडतात आणि शेवटच्या दोनशेत पाय उचलत नाहीत. "माझ्याच्यानं नाही होणार" असं मनात चालू असतं, हे तिनंच सांगितलं. अंगात जोर यावा म्हणून तिचे बाबा गाडीत ढोल-ताशा लावतात. मैत्रिणी म्हणतात, आरशासमोर "मी जिंकणारच" म्हण. यातलं खरंच उपयोगी काय? जिल्हा स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे.

टिळकटँकवाला
आमच्याकडे पोहण्यात सगळेच हेडफोन लावून बसतात. मायकेल फेल्प्स तर शर्यतीच्या अगदी तोंडावर कानातून काढायचा. ताई, फक्त गाणी तिला निवडू द्या.

मध्यमपल्ला
ताई, मी याच वयाच्या मुलामुलींना ८०० आणि १५०० शिकवतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पोहण्यातलं इथे चालणार नाही. ॲथलेटिक्समध्ये स्पर्धेच्या जागेत फोन किंवा म्युझिक प्लेअर नेता येत नाही. कॉलरूमआधीच तो बॅगेत जातो. म्हणजे तुमची मुलगी जिथे गार पडते, नेमकं तिथेच गाणं नसतं. तिथे तिला स्वतःचं बोलणंच पुरवायचं आहे.

गाणी वॉर्मअपला जरूर असू द्या. ब्रुनेल विद्यापीठाचे क्रीडा-मानसशास्त्रज्ञ कोस्टास कारागेओर्गिस यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. हलक्या ते मध्यम व्यायामात संगीतानं थकवा कमी जाणवतो, मिनिटाला १२० ते १४० ठोक्यांची लय बऱ्याच जणांना मानवते. ढोल-ताशा मात्र बंद करा. ती घाबरलेली आहे, सुस्त नाही. अशा पोरीला आणखी पेटवलं की पहिले दोनशे ती उधळते आणि सहाशेनंतर त्याची वसुली होते. पाय न उचलण्याचं कारण कदाचित हेच असेल. पुढच्या वेळी तिच्या पहिल्या दोनशेचं टायमिंग घ्या आणि सरावातल्याशी ताडून बघा.

आता शब्द. "मी जिंकणारच" हे तिला आतून पटत नसेल तर मनातून लगेच उलट उत्तर येतं. त्यापेक्षा काय करायचं ते सांगणारा शब्द द्या, आणि त्याची जागा ठरवा. पहिलं वळण संपून लेन सुटते, म्हणजे आपली लेन सोडून आत येता येतं, तिथे "सैल". शेवटच्या फेरीची घंटा वाजली की "खांदे खाली". पाचशे ते सहाशे हा अंतिम रेषेच्या पलीकडच्या बाजूचा सरळ पट्टा, माझ्या मते शर्यत तिथेच मोडते, तिथे "हात". हात चालले की पाय मागोमाग येतात. शब्द तिचाच असावा. माझ्याकडची एक मुलगी "रेल्वे" म्हणते. का, ते तिलाच ठाऊक, पण ते म्हणताना तिची मूठ उघडते, हे मी ट्रॅकच्या कडेनं स्वच्छ बघतो.

आणि हे सरावात मुरायला हवं. तीनशे मीटरच्या रिपीट (तेच अंतर पुन्हा पुन्हा पळणं) मारताना शेवटच्या शंभरात, दम लागलेला असताना, तोच शब्द. वॉर्मअपनंतर फोन काढून घ्या, पंधरा-वीस मिनिटं बाकावर गप्प बसवा, मग पळवा. कॉलरूमचा सराव कुणी करत नाही, याची मला फार खंत वाटते. पोरं तयार असतात आणि त्या बाकावर हरतात.

सिंहगडरोडकर
सर, खूप आभार. बाकावर बसल्यावर छाती धडधडते म्हणते. "शांत हो" म्हणायला सांगू का?

मध्यमपल्ला
नको, सांगून धडधड थांबत नाही, मग ती आणखी घाबरते. "अंग तयार होतंय" म्हणू दे, ते खरंही आहे. आणि स्वतःला नावानं हाक मारून म्हणू दे. मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांच्या २०१४ च्या प्रयोगांत, "मी" ऐवजी स्वतःचं नाव घेऊन स्वतःशी बोलणाऱ्यांनी ताण जास्त चांगला सांभाळला होता.

दहामीटर
मी रायफल मारते. आमच्या फायनलला आयोजकच मोठ्यानं संगीत लावतात, आम्हाला निवड नसते. म्हणून मी गोंगाटातच सराव करते आणि ट्रिगरआधी एकच शब्द म्हणते. मध्यमपल्ला सरांशी पूर्ण सहमत.

सिंहगडरोडकर
उद्या सणसवर स्टॉपवॉच घेऊन जाते. पहिल्या दोनशेचं टायमिंग इथेच टाकते.