‘पोटेन्शियल’ला मराठीत काय म्हणावं? (संदर्भ: एनबीएतले तरुण खेळाडू)

प्रश्न

एनबीएबद्दल (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) मराठीत लिहिताना ‘पोटेन्शियल’पाशी दर वेळी अडायला होतं. संघ १९ वर्षांच्या मुलाला घेतो तेव्हा तो आज काय खेळतो यापेक्षा पाच वर्षांनी काय खेळेल, यावर पैसा लावतो. ‘क्षमता’ लिहिलं तर ती त्याच्यात आजच आहे असं वाटतं. ‘संभाव्यता’ गणिताच्या पुस्तकातली. शिवाय ‘सीलिंग’ आणि ‘फ्लोर’ ही जोडी आहेच: फार फार तर कुठवर जाईल आणि कमीत कमी काय देईल. ‘छत’ आणि ‘फरशी’ लिहून पाहिलं, वाचवत नाही. काय लिहावं?

उत्तर

‘क्षमता’च ठेवा. वर्तमानपत्रांत रुळलेला शब्द आहे, संदर्भावरून वाचणाऱ्याला कळतं.

उत्तर

संदर्भावरून कळत नाही, म्हणून तर विचारणा आहे. २०१३ची निवड घ्या; दर वर्षी एनबीएचे संघ क्रमाने एकेक नवा खेळाडू घेतात, तीच ही निवड. क्लीव्हलंडने पहिल्या क्रमांकावर अँथनी बेनेटला घेतलं. पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला तो पहिला कॅनडियन. अंग भरलेलं, ताकद तयार, कॉलेजातले आकडे चांगले. मिल्वॉकीने त्याच दिवशी १५व्या क्रमांकावर यानिस आंतेतोकुंपो नावाचा १८ वर्षांचा काटकुळा मुलगा घेतला. तो ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळत होता. पहिल्या मोसमात बेनेटची सरासरी ४.२ गुण, यानिसची ६.८. दोन्ही आकडे किरकोळच. त्या वेळी कुणी दोघांचीही ‘क्षमता’ मोजली असती तर फरक जेमतेम दिसला असता.

फरक होता तो पुढे उरलेल्या जागेत. यानिसची उंची अजून वाढत होती; सहा फूट नऊ इंचांचा मुलगा सहा फूट अकरापर्यंत गेला. एवढ्या लांब हातापायांचा मुलगा चेंडू आपटत स्वतः कोर्टभर नेत होता, एरवी हे काम संघातल्या बुटक्या गार्डचं. अंगात बळ येणं बाकी होतं, आणि ते मेहनतीने येतं. २०१९ आणि २०२०मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२१च्या अंतिम मालिकेत फीनिक्सविरुद्धच्या सहाव्या सामन्यात त्याने ५० गुण केले आणि मिल्वॉकीला विजेतेपद मिळवून दिलं. त्या रात्री त्याने १९पैकी १७ फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारी मोकळी फेक) बास्केटात टाकले. फ्री थ्रो हीच त्याची दुखरी बाजू समजली जायची.

म्हणून माझ्या मते एका शब्दाने भागणार नाही. आज अंगात जे आहे ती *कुवत*. कुठवर जाऊ शकेल ती *मजल*. सीलिंगला मजल चपखल बसते, कारण मजल मारावी लागते, ती आपोआप होत नाही. आणि फ्लोरसाठी सरळ *भरवसा*. वाक्य करून पाहा: “या पोराची मजल लांबची आहे, पण भरवसा कमी.” मैदानाच्या कडेला उभा असलेला कुठलाही मराठी प्रशिक्षक हे बोलेल.

उत्तर

मजल आवडली. त्यात *वाव* घाला. इंग्रजीत ‘अपसाइड’ म्हणतात ते हेच. कोकणात समुद्राची खोली वावांत सांगतात: दोन्ही हात पसरले की एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचं अंतर म्हणजे एक वाव. शिकागोला निवडीआधीच्या चाचणीत मुलांना भिंतीपाशी उभं करून नेमकं हेच अंतर मोजतात, कारण हात लांब असतील तर समोरच्याचा फटका अडवता येतो आणि पास मधेच तोडता येतो. दोन ‘वाव’ एकाच मुळातले आहेत का, हा वेगळा विषय. पण या खेळाबद्दल लिहिणाऱ्याच्या हाती ते एकत्र आले आहेत, तर वापरावेत.

एक अडचण मात्र आहे. शाळेच्या प्रगतिपुस्तकातल्या ‘सुधारणेला वाव आहे’ या शेऱ्यामुळे शब्दाला उणेपणाचा वास लागलाय. ‘सुधारणेला’ हा शब्द गाळला की तो जातो. “त्याच्या खेळाला अजून खूप वाव आहे” हे कौतुकच वाटतं.

प्रश्नकर्ता

आणि ‘होतकरू’?

उत्तर

‘होतकरू’ टाळा. ‘गरीब व होतकरू विद्यार्थी’ या जोडीत तो इतकी वर्षं अडकला आहे की वाचणाऱ्याला शिष्यवृत्तीचा अर्जच दिसतो. कोट्यवधी डॉलरच्या करारावर सही केलेल्या मुलाला तो शोभत नाही.

त्याऐवजी *चुणूक* लक्षात ठेवा, पण वावाच्या जागी नाही. वाव बघणाऱ्याने ताडायचा असतो, चुणूक खेळणारा स्वतः दाखवतो. निकोला योकिच २०१४मध्ये ४१वा निवडला गेला. त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती. उडी बेताची, पळणं संथ. अंगाच्या मोजमापांवरून कुणी त्याच्यात वाव आहे म्हटलं नसतं. पण सर्बियात तो पास द्यायचा त्यात चुणूक होती: समोरचा बचाव करणारा वळायच्या आत चेंडू त्याच्या पाठीमागच्या साथीदाराच्या हातात. डेन्व्हरने त्याला आणखी एक मोसम तिकडेच खेळू दिलं आणि मग आणलं. २०२३चं विजेतेपद त्याच्याभोवतीच उभं राहिलं.

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण या विषयावरच्या लेखात कृपया नको. २००७च्या चाचणीत केव्हिन ड्युरंटला १८५ पौंडांचा, म्हणजे साधारण ८४ किलोंचा बार छातीवरून एकदाही उचलता आला नव्हता, आणि पुढे तोच लीगमधल्या सर्वांत मोठ्या खेळाडूंपैकी एक झाला.

उत्तर

संज्ञेवर बरीच चर्चा झाली, आता क्रियापदाकडे बघू. ‘मूल्यमापन करणे’ कागदावर ठीक आहे, पण संघ करतो ते *जोखणं*. पाणी जोखणं म्हणतो तेच. जोखण्यात जोखीमही ऐकू येते, आणि इथे ती खरोखरच असते. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूच्या कराराची पहिली दोन वर्षं पक्की असतात, तिसरं आणि चौथं संघाच्या मर्जीवर. तिसऱ्या वर्षाचा निर्णय दुसरा मोसम सुरू होता होताच, ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवावा लागतो. म्हणजे संघाने मुलाचा जेमतेम एक मोसम पाहिलेला असतो. विशीतल्या पोराचा एक मोसम, त्यातही बराच वेळ बाकावर! एवढ्यावर मजल ठरवायची. या लोकांबद्दल मला आदर वाटतो तो यासाठी.

भारतातलं उदाहरण म्हणजे सतनाम सिंग. पंजाबातल्या बल्लो के गावचा, सात फूट दोन इंच. २०१५मध्ये डॅलसने त्याला ५२वा निवडला. एनबीएने निवडलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. उंची शिकवून येत नाही, बाकीचं शिकवता येईल, असा तो हिशेब. डॅलसच्या दुय्यम संघाकडून तो खेळला, एनबीएचा सामना मात्र वाट्याला आला नाही. इथे ‘क्षमता नव्हती’ लिहिणं चूक. “वाव पाहून घेतला, खेळ तेवढा वाढला नाही” हे बरोबर.

प्रश्नकर्ता

आभार. असं लिहितोय: “संघाने त्याची आजची कुवत पाहिली नाही, वाव जोखला. मजल लांबची, भरवसा बेताचा.” आता एकच राहिलं. ‘बस्ट’ला, म्हणजे अपेक्षेएवढा न खेळलेल्या खेळाडूला, काय म्हणू? ‘फुकट गेला’, ‘वाया गेला’?

उत्तर

दोन्ही नकोत. बेनेट एनबीएत चार मोसम चार संघांकडून खेळला. जगातल्या फार थोड्या माणसांना तेवढं जमतं. ‘वाया गेला’ म्हटलं की सगळा दोष मुलाच्या माथी येतो, आणि पहिला क्रमांक त्याने मागून घेतला नव्हता. “क्लीव्हलंडचा अंदाज चुकला” असं लिहा. कर्ता संघच ठेवा.