विषय: ट्रेलरचा नवीन एसी धड गार करत नाही आणि आता फर्नेसपण गप्प

नमस्कार मंडळी,

पुढच्या शुक्रवारी युटातल्या मोआबला निघायचंय आणि कॅम्पिंगच्या ट्रेलरच्या एसीने डोकं उठवलंय. छतावरचा जुना १३,५०० बीटीयूचा मेला म्हणून गेल्या महिन्यात मी आणि मेव्हण्याने मिळून हीट पंपवाला (थंडीत गरम हवाही देणारा) नवीन बसवला, भोक तेच १४ बाय १४ इंचाचं, त्यामुळे वर चढवताना कंबर गेली ती सोडली तर काही अडलं नाही. सोबत नवा थर्मोस्टॅट आला तोही लावला. आता पहिली दहा मिनिटं झकास गार हवा येते, मग कॉम्प्रेसर बंद, नुसता पंखा, थोड्या वेळाने परत चालू, परत बंद. आत ८४ फॅरनहाइटच्या खाली यायला तयार नाही. वर कहर म्हणजे मार्चपर्यंत ठणठणीत असलेला प्रोपेनचा फर्नेस (गॅसवरचा हीटर) ढिम्म, फर्नेस मोड लावला तरी टिक नाही की टॉक नाही. विकणारा म्हणतो पीस परत पाठवा, तीन आठवडे लागतील. कुणाला अनुभव?

– ऑरोरावाला

---

घराबाहेरच्या साध्या १५ अँपच्या प्लगवर चालवत नाहीयेस ना? आम्ही लांबलचक नारिंगी वायर टाकून चालवायचो, व्होल्टेज एवढं पडायचं की कॉम्प्रेसर धापा टाकायचा.

– लवलँडची ताई

---

नाही ताई, ३० अँपचं वेगळं आउटलेट करून घेतलंय, एसी चालू असताना ११७ व्होल्ट दिसतात.

---

अरे थांब, परत बिरत काही पाठवू नकोस. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

आधी गारव्याचं. आतली जाळी काढ आणि टॉर्च मारून बघ. एका बाजूने आतली हवा वर ओढली जाते, दुसरीकडून गार होऊन डक्टमध्ये (छतातल्या हवेच्या नळीत) जाते आणि मधे एक पत्र्याचं पार्टिशन असतं. प्रत्येक गाडीच्या छताची जाडी वेगळी, त्यामुळे ते नेमकं बसत नाही, फट राहते. मग गार हवा डक्टात न जाता तिथल्या तिथे परत हवा गार करणाऱ्या कॉइलवर, कॉइल गोठायला लागते आणि सेन्सर कॉम्प्रेसर बंद करतो. म्हणजे एसी काम करतोय रे, पण तुम्हाला सोडून स्वतःलाच गार करतोय. फटीजवळ उदबत्ती धर, धूर कुठे पळतो ते लगेच कळेल. बुजवायला अॅल्युमिनियमची फॉइल टेप घे, कापडी टेप नको, उन्हाळ्यात तिचा डिंक सुटतो.

आता फर्नेस. बऱ्याच गाड्यांत फर्नेसच्या दोन बारीक वायरी (बहुतेक निळ्या, पण नुसत्या रंगावर जाऊ नकोस) छतातल्या एसीच्या कंट्रोल बॉक्सात येतात. जुना बॉक्स काढलास तेव्हा त्या सुटल्या असणार. १२० व्होल्टचा ब्रेकर पाड, १२ व्होल्ट चालू ठेव आणि त्या दोघी एकमेकींना जोड. वीसेक सेकंदांत ब्लोअर फिरला तर फर्नेस निर्दोष. फिरला पण पेटला नाही तर बॅटरी तपास, व्होल्टेज कमी असलं की ब्लोअर हळू फिरतो, सेल स्विच (हवेचा पुरेसा झोत आला तरच लागणारा) लागतच नाही.

हीट पंपाच्या भरवशावर जाऊ नकोस हां. ४० फॅरनहाइटच्या खाली तो हात टेकतो, आणि ऑक्टोबरात मोआबला पहाटे तेवढं होऊ शकतं.

– फोर्ट कॉलिन्सचे काका

---

काका, दंडवत! फट कसली, अख्खी मूठ जाईल एवढं भगदाड होतं. टेप मारली, काल बाहेर ९१ असताना दीड तासात आत ७३, आणि कॉम्प्रेसर एकदाही मधे पडला नाही. निळ्या वायरी पण सापडल्या, नीट टेप गुंडाळून कोपऱ्यात कोंबलेल्या. हे काम माझंच, मेव्हणा म्हणतो त्याने तेव्हाच विचारलं होतं "या कशाच्या" आणि मी म्हणालो होतो "जुन्या असतील". जोडल्या, ब्लोअर फिरला, पेटला, धूळ जळल्याचा वास ट्रेलरभर. बायको विचारतेय पुढच्या वेळी आधी काकांना फोन करणार का.