पहिल्याच बॉलवर करियर संपलं, सात वर्षांनी परत बॅटिंग? ॲडम ग्रीनबर्ग प्रकरण समजावून सांगा

नवा_कनेक्टिकटकर
मंडळी, इकडे आल्यापासून क्रिकेटची तहान बेसबॉलवर भागवतोय, हळूहळू कळायला लागलंय. ऑफिसात एक जण गिलफर्डचा आहे, त्याने त्याच्या गावच्या ॲडम ग्रीनबर्ग नावाच्या आउटफिल्डरचं सांगितलं. म्हणे ९ जुलै २००५ ला शिकागो कब्जकडून मेजर लीगमध्ये (इकडची सगळ्यात वरची लीग) पहिल्यांदा बॅटिंगला आला, पहिलाच बॉल डोक्यात बसला आणि खेळ खल्लास. मग एकदम २ ऑक्टोबर २०१२ ला मायामी मार्लिन्सकडून एकदा उतरला आणि तीन बॉलमध्ये आउट. रेकॉर्ड उघडून बघितलं तर मॅच २ पण ॲट-बॅट १. अहो दोनदा आला ना बॅटिंगला? आणि मधली सात वर्षं होता कुठे हा माणूस?

डगआउटवाला
सोपंय. बॅटर प्लेटवर, म्हणजे बॅटिंगच्या जागी, आला की ती प्लेट अपिअरन्स झाली. पण वॉक मिळाला (पिचरने चार चुकीचे बॉल टाकले की फुकट बेस), अंगाला बॉल लागून फुकट फर्स्ट बेस (धावायच्या वाटेवरचा पहिला थांबा) मिळाला किंवा सॅक्रिफाइस केला (स्वतः आउट होऊन साथीदाराला पुढे सरकवलं) तर ती ॲट-बॅट धरत नाहीत, कारण त्यात त्याला मारायची धड संधीच मिळाली नाही असं मानतात. ॲव्हरेज काढतात हिट (बॉल मारून बेसवर पोचणं) भागिले ॲट-बॅट. म्हणजे २००५ नंतर ह्या बाबाचं शून्य भागिले शून्य, ॲव्हरेजच निघत नाही. उलट ऑन-बेस पर्सेंटेज १.०००, कारण एकदा आला आणि एकदा बेसवर पोचला (झोपलेल्या अवस्थेत का होईना). आणखी एक गंमत, नावाला आउटफिल्डर पण दोन्ही वेळा पिंच हिटर (दुसऱ्याच्या जागी बॅटिंगला येणारा) म्हणून आला, त्यामुळे मेजर लीगच्या आउटफिल्डमध्ये कधी उभाच राहिला नाही.

बोरिवली_ते_बॉस्टन
मधल्या वर्षांचं मी सांगतो, खरी स्टोरी तिथेच आहे. नॉर्थ कॅरोलिना युनिव्हर्सिटीकडून खेळायचा, २००२ च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात ते) कब्जने नवव्या राउंडला घेतला, म्हणजे कुणी स्टार वगैरे नव्हता, डावखुरा, अंगाने छोटा, पळायला चपळ. डबल-ए मधून (मेजरच्या दोन पायऱ्या खालची मायनर लीग) वर बोलावलं तेव्हा वय २४. नववी इनिंग, समोर फ्लोरिडा मार्लिन्सचा (हीच टीम पुढे मायामी मार्लिन्स झाली) लेफ्टी व्हॅलेरिओ दे लोस सांतोस, ९२ मैलाचा म्हणजे आपल्या हिशोबाने १४८ किलोमीटरचा फास्टबॉल सरळ डोक्याच्या मागच्या बाजूला. हेल्मेट होतं म्हणून वाचला. कन्कशन झालं, म्हणजे मेंदूला हादरा बसला, ते निघालं असं वाटतंय तोवर चक्कर सुरू, मान खाली-वर केली की सगळं फिरायचं, डोकं दुखायचं. आता अशा अवस्थेत नव्वद मैलाचा बॉल काय दिसणार? २००६ मध्ये कब्जने सोडला. मग डॉजर्स, रॉयल्स, एंजल्स अशा सगळ्यांच्या मायनर लीगच्या टीममध्ये फिरला, कुठेच वरचं दार उघडलं नाही. शेवटी तुमच्याच राज्यात ब्रिजपोर्ट ब्लूफिश, ती अटलांटिक लीग, म्हणजे मेजरच्या टीमशी काही संबंध नसलेली स्वतंत्र लीग, बसने फिरायचं आणि तुटपुंजा पगार. आणि तिथे २०११ मध्ये समोर पिचर कोण तर तोच दे लोस सांतोस! तोही घसरत घसरत त्याच लीगमध्ये आलेला. ग्रीनबर्गने त्याला सिंगल मारला (फर्स्ट बेसपर्यंत पोचवणारा हिट). मला विचाराल तर २०१२ पेक्षा हाच क्षण भारी, पण तिथे टीव्हीवाले नव्हते ना.

स्पष्टच_बोलतो
दुर्दैव वगैरे मान्य, पण २०१२ चं ते सगळं नाटक मला पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. ऑनलाइन सह्यांची मोहीम काढली, टीव्हीवर गाजली, मार्लिन्सने एका दिवसाचं काँट्रॅक्ट दिलं. त्या वर्षी ६९ मॅच जिंकून ते डिव्हिजनमध्ये तळाला होते, त्यांना तेवढीच चांगली प्रसिद्धी मिळाली. मायनर लीगमध्ये आयुष्य घालवून एकदाही वर न पोचणारे ढिगाने आहेत, त्यांच्यासाठी कोण सह्या गोळा करणार? मेजर लीगची जागा खेळून मिळवायची असते, लोकांना वाईट वाटलं म्हणून नाही.

बोरिवली_ते_बॉस्टन
@स्पष्टच_बोलतो दादा, पण जागा त्याने २००५ मध्ये खेळूनच मिळवली होती की. परत दिलं ते फक्त एका ॲट-बॅटपुरतं. त्या दिवसाचा पगारही त्याने डोक्याच्या दुखापतींवर काम करणाऱ्या संस्थेला देऊन टाकला.

स्पष्टच_बोलतो
पगाराबद्दल मी बोललोच नाही. चांगला माणूस असणं वेगळं आणि मेजर लीगचा बॅटर असणं वेगळं, एवढंच म्हणतोय.

आकडेमोड_काका
भांडा तुम्ही, मी आकडे देतो. २०१२ ला समोर पिचर कोण होता ते कुणीच सांगितलं नाही, आर. ए. डिकी! मेट्सचा नकलबॉलवाला, त्याच सीझनला २० मॅच जिंकून साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) घेतलेला. सात वर्षांनी उतरलेल्या माणसाला नकलबॉल म्हणजे अन्यायच, तो बॉल कुठे वळणार हे कॅचरलासुद्धा माहीत नसतं. पहिला सोडला, पुढच्या दोनवर बॅट फिरवली, हवेतच. बघणारे तरी उभे राहून टाळ्या वाजवत होते. आता गंमत बघा. डिकीचे त्या सीझनचे एकूण स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बॅटर आउट) २३०, नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) पहिला. दुसरा डॉजर्सचा क्लेटन कर्शॉ, २२९! म्हणजे ज्याला तुम्ही नाटक म्हणताय त्या एका स्ट्राइकआउटचाच फरक. (नेहमीचा बॅटर असता तर तोही आउट झाला असता कदाचित, ते सोडा.) आणि ग्रीनबर्गचं स्वतःचं काय झालं, तर ऑन-बेस १.००० वरून .५०० आणि जे ॲव्हरेज नव्हतंच ते झालं .०००. रेकॉर्ड बिघडवून घ्यायला सात वर्षं धडपडणारा माणूस मी तरी दुसरा बघितला नाही.

नवा_कनेक्टिकटकर
काका, दंडवत 🙏 २३०-२२९ चं उद्या ऑफिसात त्या गिलफर्डवाल्याला ऐकवतो, त्याला नक्की माहीत नसणार. पण असा दुसरा कुणी आहे का, एकदाच आला, बॉल लागला आणि संपलं?

आकडेमोड_काका
आहे ना. फ्रेड व्हॅन ड्युसेन, हाही आउटफिल्डरच. १९५५, फिलाडेल्फिया फिलीज, वय १८. मिलवॉकी ब्रेव्ह्जविरुद्ध एकदा प्लेटवर आला, बॉल लागला, फर्स्ट बेसवर गेला, पुढे बरीच वर्षं मायनरमध्ये खेळला पण परत वर काही आला नाही. त्याचं ऑन-बेस अजून १.००० च आहे.